कपाटाची किल्ली कपाटात: रिकाम्या डिस्कवर हाताने लिनक्स बसवताना

दादाचा लॅपटॉप २०१४ सालचा. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची एक चिप) लागतं, ते या लॅपटॉपमध्ये नाही. म्हणजे कीबोर्ड, स्क्रीन सगळं शाबूत असलेलं मशीन भंगारात जाणार. आठवड्याभराने दिवाळी होती. मी इंदूरला, राजेंद्रनगरच्या माहेरी गेले, तर बारावीतला भाचा दारातच म्हणाला, "आत्या, बाबांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून दे ना."

"टाकून देत नाही. तू टाक, मी शेजारी बसते."

सिल्व्हर मॉलमधून २४० जीबीची एसएसडी आणली, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसवली आणि जेवणाच्या टेबलावर चिवड्याचा डबा बाजूला सारून आम्ही सुरुवात केली. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी मशीन चालवू शकणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम. त्या दोन दुपारी मी त्याला जे सांगितलं, ते इथे लिहिते आहे. कारण या विषयाची भीती फार आहे आणि ती बहुतेक वेळा एका गैरसमजातून येते: इन्स्टॉल करणं म्हणजे काहीतरी गूढ प्रक्रिया, जी फक्त इन्स्टॉलर नावाच्या प्रोग्रॅमलाच जमते.

खरं पाहिलं तर कामं दोनच आहेत. एक, लागणाऱ्या फायली डिस्कवर योग्य जागी ठेवणं. दोन, बटण दाबल्यावर त्या फायली मशीनला सापडतील अशी सोय करणं. विंडोजचा किंवा उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराचा इन्स्टॉलर पडद्याआड हेच करतो. हाताने करताना फरक एवढाच की प्रत्येक पायरी आपल्यासमोर घडते आणि पुढे काही बिघडलं तर कोणत्या पायरीवर बिघडलं ते ओळखता येतं.

लिनक्सचे अनेक प्रकार मिळतात, त्यातलं आम्ही आर्च लिनक्स निवडलं. कॅनडातल्या जड विनेट यांनी मार्च २००२मध्ये ते पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. यात तुम्ही मागाल तेवढंच मिळतं. डेस्कटॉप नको असेल तर येत नाही, आणि वायफायचा प्रोग्रॅम मागितला नाही तर तोही येत नाही (या वाक्याकडे पुन्हा यायचं आहे). मूळ सिस्टिम दोन जीबीपेक्षा कमी जागेत मावते. एप्रिल २०२१पासून आर्चच्या पेनड्राइव्हवर प्रश्न विचारून काम उरकणारा आर्चइन्स्टॉल नावाचा प्रोग्रॅमही असतो. तो वापरण्यात कमीपणा नाही, मीही घाईत वापरते. पण पहिल्यांदा हाताने करावं, असं माझं ठाम मत आहे.

आधी बटण दाबल्यावर काय होतं ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. हल्लीच्या मशीनवर तो यूईएफआय पद्धतीचा असतो. त्याला लिनक्स कळत नाही, विंडोजही कळत नाही. त्याला डिस्कवरचा फॅट पद्धतीने आखलेला एक छोटा भाग तेवढा वाचता येतो. तिथे तो बूटलोडर शोधतो. बूटलोडर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, मेमरीत आणतो. कर्नल मुख्य डिस्क उघडतो आणि पहिला प्रोग्रॅम सुरू करतो. तो बाकीच्यांना उठवतो आणि शेवटी तुमच्यासमोर 'लॉगिन' हा शब्द येतो. एकाने दुसऱ्याच्या हाती काम सोपवायचं, अशी ही साखळी. रिकाम्या डिस्कवर आपल्याला तिची एकेक कडी जोडायची असते.

पेनड्राइव्हची तयारी पटकन सांगते. आर्चच्या संकेतस्थळावरून दर महिन्याला निघणारी आयएसओ फाइल उतरवायची, ती वाटेत बदललेली नाही ना हे चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) आणि डिजिटल सहीवरून तपासायचं, पेनड्राइव्हवर लिहायची. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये सिक्युअर बूट (मान्य सही असलेलाच बूटलोडर सुरू होऊ देणारी सोय) बंद करायचं, कारण आर्चचा पेनड्राइव्ह ते चालू असताना सुरू होत नाही. मग पेनड्राइव्हवरून मशीन चालू करायचं. समोर काळी स्क्रीन आणि लुकलुकणारा कर्सर. इथे लक्षात ठेवायचं ते हे की आत्ता जे लिनक्स चालू आहे ते पेनड्राइव्हवरचं आहे. एसएसडी अजून कोरी आहे. वायफाय जोडायला आयडब्ल्यूसीटीएल नावाचं साधन तिथे असतं, त्याने घरचं वायफाय जोडलं.

आता सगळ्यात धोक्याची पायरी, म्हणून इथे थोडं थांबते. कोणत्या डिस्कवर लिहायचं?

एलएसबीएलके ही कमांड जोडलेल्या सगळ्या डिस्कची यादी देते. आमच्या स्क्रीनवर तीन नावं आली: एसडीए, २२३.६जी. एसडीबी, १४.६जी. एसडीसी, ९३१.५जी. भाचा गोंधळला. "आत्या, आपण २४०ची आणली ना? दुकानदाराने फसवलं?"

फसवलं नव्हतं. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. ही कमांड १०२४ला १०२४ने आणि पुन्हा १०२४ने गुणून येणारा आकडा धरते, तो थोडा मोठा असतो. या एसएसडीवरच्या २४० अब्जांहून किंचित जास्त बाइटांना त्या मोठ्या मापाने मोजलं की २२३.६ येतात. तेवढीच रांगोळी मोठ्या वाटीने मोजली तर वाट्या कमी भरतात, तसंच. म्हणून २२३.६ ही आपली एसएसडी आणि १४.६ हा १६ जीबीचा पेनड्राइव्ह. मग ९३१.५ काय? मी टेबलाखाली पाहिलं. दादाच्या फोटोंचा बॅकअप आदल्या रात्री ज्या एक टीबीच्या ड्राइव्हवर घेतला होता, तो अजून लॅपटॉपला जोडलेला होता. भाच्याच्या मुंजीपासूनचे सगळे फोटो त्यात. एका अक्षराची चूक, 'ए'च्या जागी 'सी', आणि मुंज गेली असती.

तो ड्राइव्ह आधी काढला. माझा तेव्हापासूनचा नियम: ज्यावर लिहायचं नाही ती डिस्क मशीनला जोडलेलीच नसावी. सावधपणे टाइप करू, या भरवशावर राहू नये.

मग सीएफडिस्क उघडून एसएसडीचे तीन भाग पाडले. पहिला एक जीबीचा, फर्मवेअरसाठी. दुसरा चार जीबीचा स्वॅप, रॅम भरली तर तात्पुरतं ठेवायला. उरलेला सगळा तिसरा, मुख्य सिस्टिमसाठी. भाग पाडणं म्हणजे प्लॉटचा नकाशा आखणं. नकाशा कागदावर असेपर्यंत जमिनीला धक्का लागत नाही. सीएफडिस्कमध्येही 'राइट' निवडून 'येस' हा अख्खा शब्द टाइप करेपर्यंत डिस्कवर काही उमटत नाही. भाच्याने तीनदा भाग पाडले, तीनदा मोडले, निर्धास्तपणे.

नकाशानंतर फॉरमॅट. पहिला भाग फॅट३२, कारण फर्मवेअरला तेवढंच वाचता येतं. तिसरा ईएक्सटी४, लिनक्सची रोजच्या वापरातली पद्धत. कोऱ्या वहीत रकाने आखावेत, तसं हे काम. कोणती फाइल कुठे सुरू होते आणि कुठे संपते, याची नोंद करायला जागा तयार होते.

पुढची पायरी माउंट. विंडोजमधून आलेल्या माणसाला ती सगळ्यात जास्त अडते. विंडोजमध्ये सी वेगळं, डी वेगळं. लिनक्समध्ये फोल्डरांचं एकच झाड असतं, त्याच्या मुळाची खूण म्हणजे एक तिरकी रेघ. नवी डिस्क आली की तिला स्वतंत्र अक्षर मिळत नाही, या झाडावरच्या एखाद्या फांदीवर ती बसवावी लागते. बसवणं म्हणजेच माउंट. पेनड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये 'एमएनटी' नावाची रिकामी फांदी याच कामासाठी असते. तिच्यावर आम्ही तिसरा भाग बसवला, त्याच्या आत 'बूट' नावाचं फोल्डर केलं आणि त्यावर पहिला भाग बसवला. क्रम उलटा करून चालत नाही. आधी 'बूट' बसवून वर मुख्य भाग बसवला, तर आधीचं त्याखाली झाकलं जातं.

आता फायली. पॅकस्ट्रॅप नावाची कमांड तीन गोष्टी मागवते: मूळ सिस्टिमचा संच, कर्नल आणि वायफाय-ग्राफिक्ससारख्या चिपांना लागणारं त्यांचं स्वतःचं फर्मवेअर (मदरबोर्डवरचं ते वेगळं). ऑक्टोबर २०१९पर्यंत कर्नल त्या मूळ संचातच यायचा. तेव्हापासून तो वेगळा मागावा लागतो. त्याआधीचे व्हिडिओ किंवा टिपणं बघून करणारे इथेच फसतात. सगळं उतरतं, कुठेही चूक दिसत नाही, आणि शेवटी मशीन चालू करावं तर आत गाभाच नाही. टिपण कोणत्या सालचं आहे ते आधी बघायचं.

फायली उतरत होत्या तोवर चहा झाला. भाच्याने विचारलं, "संपलं ना? सगळ्या फायली आल्या की." पहिलं काम संपलं होतं. दुसरं, म्हणजे त्या मशीनला सापडतील अशी सोय, बाकी होतं.

त्यातली पहिली सोय एफएसटॅब ही फाइल. कोणता भाग झाडाच्या कोणत्या फांदीवर बसवायचा, याची ती यादी. यात 'एसडीए' वगैरे नावं लिहीत नाहीत, कारण ती मशीन त्या वेळी डिस्क ज्या क्रमाने ओळखेल त्याप्रमाणे बदलू शकतात. 'कोपऱ्यावरच्या पानवाल्यापासून तिसरं घर' असा पत्ता दिला आणि पानवाला हलला, की पाहुणे भलत्याच दारात. म्हणून प्रत्येक भागाचा यूयूआयडी लिहितात. फॉरमॅट करताना पडलेला तो लांबलचक ओळखक्रमांक असतो, डिस्क कुठेही जोडा, बदलत नाही. जेनएफएसटॅब ही कमांड यादी आपोआप करून देते. पण फाइल उघडून एकदा डोळ्याखालून घालायचीच.

आणि मग सीएचरूट. ही कल्पना मला आजही फार आवडते. आत्तापर्यंत आपण पेनड्राइव्हच्या घरात बसून शेजारच्या नव्या घरात सामान टाकत होतो. आर्च-सीएचरूट ही कमांड दिली की आपण त्या नव्या घरात शिरतो. झाडाचं मूळ बदलतं. 'एमएनटी'च्या आतलं जग हेच आता पूर्ण जग. चालू असलेला कर्नल मात्र अजूनही पेनड्राइव्हवरचाच असतो. यानंतरची प्रत्येक सेटिंग नव्या घरात होते. ही कमांड विसरून पासवर्ड ठेवला तर तो पेनड्राइव्हच्या लिनक्सला लागतो आणि मशीन बंद होताच पुसला जातो. लुकलुकणाऱ्या कर्सरच्या आधीची ओळ बदललेली दिसते, ती वाचायची सवय लावून घ्यायची. आपण कोणत्या घरात आहोत ते तिथे कळतं.

आत गेल्यावर घड्याळ. लिनक्स १ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद मोजतं, तेही जागतिक वेळेनुसार. आपली वेळ दाखवायला 'एशिया/कोलकाता' असा विभाग निवडावा लागतो. भाच्याने यादीत 'इंदूर' शोधलं, मग 'दिल्ली', दोन्ही नव्हती. या यादीत भारताचा विभाग कोलकात्याच्या नावाने आहे. जुन्या ज्योतिर्गणितात मध्यरेषा इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या उज्जैनवरून जायची, हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो आधी विश्वास ठेवेना. आणखी एक गोष्ट: एकाच मशीनवर विंडोजही असेल तर मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स जागतिक वेळ मानतं. मग घड्याळ बरोबर साडेपाच तास चुकलेलं दिसतं. बिघाड नसतो तो, दोघांपैकी एकाची सवय बदलावी लागते.

भाषा. लोकॅल-जेन या फाइलमध्ये शेकडो ओळी असतात, प्रत्येकीच्या आधी जाळीचं चिन्ह (#). ज्या भाषेच्या ओळीसमोरून ते खोडू, ती तयार होते. मराठीचीही ओळ तिथे आहे, आणि ती पाहून मला दर वेळी बरं वाटतं. पण या पायरीवर सगळी सिस्टिम मराठीत करू नका. या काळ्या स्क्रीनला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकार ठाऊक असतात आणि अक्षराला काना-वेलांटी जोडून मांडणं तिला जमत नाही. मराठीतला संदेश म्हणजे नुसत्या चौकटी दिसतात. इंग्रजी आणि मराठी दोन्ही ओळी खुल्या ठेवायच्या, आत्ता इंग्रजी निवडायची, डेस्कटॉप आणि फॉन्ट आले की मराठी. मशीनचं नाव आणि रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याचा, पासवर्ड एकेका ओळीचं काम.

आता ती कपाटाची किल्ली. कर्नलला मुख्य डिस्क उघडायची आहे. ती उघडायला लागणारे ड्रायव्हर त्याच डिस्कवर, फायलींच्या रूपात. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच! यावर उपाय म्हणून जरुरीपुरत्या ड्रायव्हरांची एक छोटी पुरचुंडी बांधून 'बूट'मध्ये कर्नलशेजारी ठेवतात. बूटलोडर दोन्ही मिळून मेमरीत आणतो, कर्नल पुरचुंडीतली किल्ली काढून कपाट उघडतो. या पुरचुंडीचं नाव इनिटरामएफएस. आर्चमध्ये एमकेइनिटसीपीआयओ ही कमांड ती बांधते आणि कर्नल बसवताना ती आपोआप चालते. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पुरचुंडी लक्षात ठेवा.

शेवटची कडी बूटलोडर. आम्ही ग्रब वापरलं. एक कमांड त्याला पहिल्या भागात बसवते, दुसरी त्याने कोणती सिस्टिम सुरू करायची याची यादी तयार करते. बसवलेल्या बूटलोडरची नोंद फर्मवेअर स्वतःच्या स्मृतीत ठेवतं, पण काही जुनी फर्मवेअरं ही नोंद सरळ दुर्लक्षून ठरावीक नावाच्या एकाच फाइलकडे बघतात. अशा वेळी ग्रबला 'रिमूव्हेबल' हा पर्याय देऊन बसवायचं, म्हणजे ते त्याच ठरावीक नावाने बसतं. दादाच्या लॅपटॉपला हे लागलं.

बाहेर आलो, पेनड्राइव्ह काढला, मशीन पुन्हा चालू केलं. काही सेकंदांत 'लॉगिन'. भाच्याने पासवर्ड दिला, आत गेला आणि ओरडला, "आत्या, वायफाय गेलं!"

गेलं नव्हतं, आलंच नव्हतं. वायफाय जोडलं होतं पेनड्राइव्हच्या लिनक्सने. नव्या घरात त्यासाठीचा प्रोग्रॅम आम्ही मागितलाच नव्हता. चूक माझी, यादी मीच सांगितली होती. आणि आता तो प्रोग्रॅम उतरवायला इंटरनेट हवं, इंटरनेटला तोच प्रोग्रॅम हवा. त्याचा चेहरा पडला. "म्हणजे सगळं पुन्हा?"

अजिबात नाही, आणि हाताने करण्याचं मोल मला इथेच वाटतं. पेनड्राइव्ह परत लावला, त्यावरून मशीन चालू केलं, वायफाय जोडलं. भाग पाडायचे नाहीत, फॉरमॅट तर मुळीच नाही. फक्त माउंट केलं, मुख्य भाग आधी, 'बूट' नंतर, आणि सीएचरूटने नव्या घरात शिरलो. पॅकमन या कमांडने नेटवर्कमॅनेजर मागवला आणि 'एनेबल' केला. सीएचरूटमध्ये एखादी सेवा त्या क्षणी सुरू करता येत नाही, कारण घर अजून जागं झालेलं नसतं. 'एनेबल' म्हणजे पुढच्या वेळी उठल्यावर हिला उठव, अशी चिठ्ठी ठेवणं. बाहेर आलो, रीस्टार्ट केलं. दहा मिनिटांचं काम. वायफाय आलं, मग एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आणि नोटोचे फॉन्ट उतरवले.

कोणासाठी हे नाही, तेही सांगते. आर्चमध्ये 'पुढची आवृत्ती' असा प्रकार नसतो, अपडेट सतत येत राहतात. ती दर आठवड्या-दोन आठवड्यांनी घ्यायची आणि अख्ख्या सिस्टिमची घ्यायची, एकाच प्रोग्रॅमचं अपडेट घेऊन बाकीचं तसंच ठेवायचं नाही. ज्यांना मशीन लावून विसरून जायचं आहे त्यांच्यासाठी डेबियन किंवा मिंट हे लिनक्सचे दुसरे प्रकार बरे. आईच्या लॅपटॉपवर मी मिंटच दिलं आहे. पण कडी न कडी वर सांगितलेलीच, सगळ्यांत सारखी.

जानेवारीत एका रात्री भाच्याचा फोन आला. अपडेट चालू असताना लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली, मशीन अर्ध्यात बंद पडलं. आता चालू करताना कर्नल येतो आणि मुख्य डिस्क सापडत नाही म्हणून थांबतो.

"कुठली कडी?" मी विचारलं.

"पुरचुंडी. ती बांधत असतानाच लाईट गेली असणार. पेनड्राइव्ह लावलाय, माउंट करून आत शिरलोय. पण पॅकमन म्हणतंय की दुसरं कोणीतरी आधीच काम करतंय."

पॅकमन काम सुरू करताना कुलूप म्हणून एक फाइल ठेवतं आणि संपलं की काढतं. लाईट गेल्यावर ती तशीच राहून गेली होती. खरंच दुसरं काही चालू नाही ना हे बघून ती पुसायला सांगितली. त्याने पुसली, अपडेट पूर्ण केलं, कर्नल पुन्हा बसवला. फोनवर थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता.

"आलं लॉगिन," तो म्हणाला. "आत्या, बाबांना नवी बॅटरी आणायला सांगशील का? माझं ऐकत नाहीत."